चौकोनी कुटुंबाचा चौथा कोन : अपत्याच्या लिंगाविषयीचा दबाव आणि त्याची भाषा

१

अपत्य मुलगा असावे की मुलगी, या प्रश्नावरून आईबापांवर येणाऱ्या सामाजिक दबावाची चर्चा मराठीत बहुधा एकत्र कुटुंबाच्या संदर्भात झाली आहे. वाडा, माजघर, सासू, आत्या, कुलाचार, उपाध्याय ही त्या दबावाची स्थळे आणि माणसे मानली गेली. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' (१८९३) या कादंबरीने एकत्र कुटुंबातील स्त्रीजीवनाचे जे चित्र मराठी वाचकाच्या मनावर कोरले, त्याचा या समजुतीला मोठा आधार मिळाला. या समजुतीतून ओघानेच एक अपेक्षा उभी राहते : वाडा मोडला, कुटुंब लहान झाले, पतिपत्नी आपल्या संसाराचे निर्णय स्वतः घेऊ लागली, की हा दबाव ओसरावा.

ही अपेक्षा तपासून पाहण्यासाठी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा पट्टा विशेष सोयीचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. मुंबईत नोकरी आणि मुंबईबाहेर बिऱ्हाड ही जी जीवनपद्धती पुढे रूढ झाली, तिचे हे पहिले क्षेत्र. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरगाव-दादरच्या चाळींतून, तसेच कोकणातून, सातारा-सांगलीकडून आणि खानदेशातून आलेली कुटुंबे येथील 'ब्लॉकां'मध्ये स्थिरावली. १९८२ साली ठाण्यास व १९८३ साली कल्याण-डोंबिवलीस महानगरपालिका आली. येथील मराठी मध्यमवर्गाने आपल्या संसाराचे वर्णन करण्यासाठी जो शब्दप्रयोग आपलासा केला तो 'चौकोनी कुटुंब' हा होय. आई, वडील, एक मुलगा, एक मुलगी असे चार कोन, म्हणून चौकोनी.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, एकत्र कुटुंबाकडून चौकोनी कुटुंबाकडे येताना हा दबाव नाहीसा झाला नाही, त्याची भाषा बदलली. तो आशीर्वादाच्या भाषेतून हिशेबाच्या भाषेत आणि हिशेबाच्या भाषेतून समतोलाच्या भाषेत आला. या प्रत्येक स्थित्यंतरात बोलणारा अधिकाधिक अदृश्य होत गेला. दबावाची ही भाषा वाचणे हे समीक्षेचेही काम आहे, आणि ते पुरेसे झालेले नाही.

२

जुन्या भाषेपासून सुरुवात करणे इष्ट ठरेल. गृह्यसूत्रांनी सांगितलेल्या 'पुंसवन' संस्काराचा हेतू त्याच्या नावातच आहे. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार तो गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात करावयाचा असतो. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा नववधूला दिला जाणारा आशीर्वाद त्याच परंपरेतील आहे. या भाषेचे तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. एक, तिचा वक्ता डोळ्यांसमोर असतो : आशीर्वाद देणारे वडीलधारे माणूस वधूसमोर उभे असते. दोन, तिच्या उच्चाराचा प्रसंग ठरलेला असतो. तीन, फळ देणारा बोलणाऱ्याहून वेगळा असतो. देव, दैव किंवा पूर्वसंचित यांच्याकडे ते सोपवलेले असते. मुलगी झाली तर दोष बाईच्या माथी मारला जाई हे खरेच. तरीही जे झाले ते कोणी 'केले' असे मानण्यास या भाषेत जागा नव्हती.

ही व्यवस्था सौम्य होती असा याचा अर्थ नव्हे. पुत्रप्राप्तीसाठी आईबापांपुढे काही वाटा खुल्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेक वाटांची किंमत स्त्रीने चुकवायची होती. नवस बोलून पुन्हा पुन्हा बाळंतपणास सामोरे जाणे ही पहिली वाट. मुलगा होत नाही म्हणून पुरुषाने दुसरी बायको करणे ही दुसरी. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहास कायद्याने बंदी झाली ती १९४६ साली. दत्तक ही तिसरी वाट. मुलगी दत्तक घेण्याची सर्वसाधारण मुभा हिंदू कायद्यात आली ती १९५६ साली, म्हणजे तोवर 'दत्तक' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ 'दत्तक पुत्र' असाच होता. वाटा अनेक असल्यामुळे दबाव विभागला जात असे. कोणत्याही एका गर्भारपणावर त्याचा सगळा भार येत नसे. पुढे काय झाले ते समजून घेण्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

नामकरणाच्या प्रथेत या दबावाची फार सूक्ष्म नोंद सापडते. पाठोपाठची मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव भिकाजी, धोंडू, दगडू असे ठेवावयाचे, म्हणजे काळाची किंवा दुष्ट शक्तीची दृष्ट त्याच्यावर जाणार नाही, अशी समजूत होती. लागोपाठ मुली झाल्या की शेवटच्या मुलीचे नाव नकुसा किंवा नकोशी असे ठेवीत. वरवर पाहता दोन्ही नावे हीनत्वदर्शक आहेत, पण त्यांचे कार्य परस्परविरुद्ध आहे. 'भिकाजी' हे नाव मूल्यवान वस्तूवर टाकलेले जुने फडके आहे. वस्तू राहावी म्हणून ते टाकलेले असते. 'नकुसा' या नावात मात्र झाकण्यासारखे काही नाही. तो दैवाला पाठवलेला निरोप आहे आणि मुलगी त्या निरोपाचा कागद झालेली आहे. नाव तिचे असले तरी संबोधन तिला नाही. ही प्रथा इतिहासजमा झाली असे समजण्याचे कारण नाही : सातारा जिल्ह्यात २०११च्या ऑक्टोबरमध्ये अशी नावे असलेल्या २८५ मुलींना सरकारी समारंभात नवी नावे देण्यात आली. मुंबईच्या गिरणीत किंवा माथाडी कामावर आलेली अनेक कुटुंबे ज्या घाटावरून आली, त्याच भागातील ही घटना आहे. ठाणे-कल्याणच्या वस्तीत आलेल्या माणसांबरोबर त्यांची भाषाही आली.

कल्याणच्या इतिहासातील एका जन्माचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १८६४ साली या गावात सार्वजनिक वाचनालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, यमुना जोशी हिचा जन्म झाला. विवाहानंतर ती आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला. तिच्या वैद्यकाकडे वळण्याचा संबंध या मृत्यूशी जोडण्याची पद्धत चरित्रलेखनात आणि पुढे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीनेही दृढ झालेल्या तिच्या प्रतिमेत आहे. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून तिने पदवी घेतली तेव्हा तिच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पाश्चात्त्य प्रसूतिविद्या आणि मराठी स्त्री यांच्या संबंधाची ही सुरुवात कल्याणच्या एका मुलीच्या नावाने झाली. त्या विद्येपुढचा प्रश्न तिच्यासाठी स्पष्ट होता : आई आणि मूल जगेल कसे? शंभर वर्षांनी याच विद्येला याच परिसरातील आईबाप दुसराच प्रश्न विचारू लागले.

३

या दोन प्रश्नांमधील अंतर कुटुंबनियोजनाच्या इतिहासाने व्यापलेले आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. विवाह आणि अपत्यजन्म यांची अपरिहार्य मानली गेलेली सांगड त्यांनी सोडवली. 'किती' हा प्रश्न आईबापांनी, विशेषतः आईने, विचारण्याजोगा आहे, हे त्यांनी मराठी समाजाला सांगितले. कर्व्यांच्या दृष्टीने हा प्रश्न स्त्रीच्या स्वातंत्र्याचा होता. १९५२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाच्या रूपाने शासनाने तोच प्रश्न हाती घेतला तेव्हा तो लोकसंख्येचा झाला. स्वातंत्र्याची जागा शिस्तीने घेतली.

या कार्यक्रमाची दृश्यभाषा अभ्यासण्यासारखी आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लाल त्रिकोण हे त्याचे चिन्ह झाले, आणि दोन किंवा तीन मुले पुरेत असे सांगणाऱ्या भित्तिचित्रांवर चार हसरे चेहरे आले : वडील, आई, मुलगा, मुलगी. चिन्ह त्रिकोणी होते, पण त्याने मनात रुजवलेली आकृती चौकोनी होती. संदेश संख्येचा होता. चित्रात मात्र संख्येबरोबर रचनाही सांगितली गेली. दोन मुलींचे किंवा दोन मुलग्यांचे कुटुंब दाखविणेही तितकेच शक्य होते. ते सहसा दाखविले गेले नाही, कारण 'एक मुलगा, एक मुलगी' ही रचना सर्वांना निरुपद्रवी आणि समतेची वाटली. ती समतेची आहे असे वाटणे हाच तिचा प्रभाव होय.

वस्तुतः या चौकोनाचे चार कोन सारखे नाहीत. पहिला मुलगा झाला असेल तर दुसऱ्या अपत्याविषयी 'आता मुलगी झाली तर बरे' असे बोलले जाते. ही इच्छा असते. ती पुरी न झाल्यास कोणी सांत्वनाला येत नाही. पहिली मुलगी झाली असेल तर चौथा कोन राखून ठेवलेला असतो. तेथे दुसरी मुलगी आली की चौकोन पुरा झाला असे कोणी म्हणत नाही, तो बिघडला असे समजतात. 'पहिली बेटी, धनाची पेटी' ही म्हणही नीट ऐकली तर 'पहिली' या शब्दावर भर देते. दुसरीविषयी ती गप्प आहे.

दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, मुंबईच्या भाड्याच्या आणि रेल्वेच्या पासाच्या हिशेबात, दोनच मुले परवडतात हे या पट्ट्यातील नोकरदार कुटुंबाने लवकर ओळखले. दुसरी बायको करणे कायद्याने बंद झाले होते. पाच-सहा बाळंतपणांची वाट खर्चाने, जागेने आणि शिक्षणाने बंद केली. दत्तकाची वाट उरली होती, पण चौकोनी कुटुंबाच्या कल्पनेत ती बसत नव्हती. पूर्वी अनेक वाटांनी विभागला जाणारा दबाव आता दुसऱ्या गर्भारपणावर एकवटला. लहान कुटुंबाने दबाव कमी केला नाही, त्याला एकच जागा दिली. शासनानेही पुढे ही जागा अधिक आवळली : २००५च्या नियमांनी राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्यांना लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक झाले. मुलांची संख्या दोनवर थांबवावयाची आणि अपत्याच्या लिंगाविषयीची अपेक्षा मात्र तशीच ठेवावयाची, या दोहोंच्या कात्रीत जे घडते त्याला केवळ 'जुनाट मनोवृत्ती' म्हणणे हे अपुरे निदान आहे.

४

गर्भजल तपासून गर्भातील दोष ओळखण्याचे तंत्र १९७०च्या दशकाच्या मध्यास भारतात आले. तिचा उपयोग लिंग जाणून घेण्यासाठी होऊ लागल्याचे दिसताच १९७८ साली सरकारी रुग्णालयांतून या वापरास बंदी झाली, आणि ती परीक्षा खासगी दवाखान्यांच्या बाजारात गेली. १९७२ पासून अमलात आलेल्या कायद्यामुळे गर्भपात सुरक्षित झाला होता. स्त्रीच्या आरोग्यासाठी मिळालेली ही सोय या नव्या बाजाराला जोडली गेली. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. या पाहणीचे वर्ष १९८६. आनंदीबाईंच्या पदवीला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

याच काळात मुंबईच्या लोकलगाड्यांच्या डब्यांत या परीक्षेच्या जाहिराती लागल्या. पुढे हुंड्यापायी खर्चाव्या लागणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा आज काही शे रुपये खर्च करणे शहाणपणाचे, असा त्यांचा आशय होता. कल्याण-डोंबिवलीहून रोज तासाहून अधिक प्रवास करणारा नोकरदार हा या संहितेचा वाचक होता. तिची भाषा धर्माची नाही. तिच्यात पुत्र नाही, वंश नाही, मोक्ष नाही. फार काय, मुलगाही नाही. आहे तो फक्त एक टाळता येण्याजोगा खर्च. आशीर्वादाची भाषा आईला उद्देशून होती. जाहिरातीची भाषा बापाला उद्देशून आहे, आणि त्याच्यातील प्रपंची, दूरदर्शी, जबाबदार माणसाला ती साद घालते. विमा उतरविणारा, सोसायटीचा हप्ता भरणारा, मुलांच्या शिक्षणाची तजवीज करणारा जो बाप, त्याच्याच सद्गुणांचा ती आधार घेते. म्हणून ती त्याला लज्जास्पद वाटली नाही.

या जाहिरातीत दबाव आणणारा कोण, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. सासू तेथे नाही, उपाध्याय नाही. हुंडा 'द्यावा लागतो'. कोणाला, कोण मागतो, हे वाक्यात नसते. हिशेबाच्या भाषेने दबावाचे रूपांतर परिस्थितीत केले. पावसाला जसा कर्ता नसतो तसा हुंड्यालाही नसतो असे ती सुचवते.

या भाषेला पहिले समर्थ उत्तर रंगभूमीवरून मिळाले. स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ साली रंगमंचावर आणलेले ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक वस्त्यांतून, गावांतून, शाळांतून खेळले गेले. त्याच्या शीर्षकातील 'हो' हा शब्द समीक्षेने लक्ष द्यावे असा आहे. हळू आवाजात, नजर चुकवून सांगितली जाणारी बातमी या 'हो'ने दवंडीच्या सुरात आणली. जे कोणीच बोलत नाही आणि सर्वच बोलतात, त्याला या नाटकाने चव्हाट्यावर उभे केले. मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते १९८०च्या दशकाच्या मध्यास गर्भलिंगनिदानविरोधी मंचात एकत्र आले, आणि १९८८ साली महाराष्ट्राने या विषयावरचा देशातील पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तो १९९६च्या आरंभी अमलात आला, आणि गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीसही कक्षेत घेणारी त्याची दुरुस्ती २००३ साली लागू झाली.

५

हा कायदा समीक्षेच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे, कारण तो भाषेविषयीचा कायदा आहे. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही रीतीने कळविण्यास त्याने मनाई केली. अर्थ केवळ शब्दांतून वाहत नाही हे भाषाभ्यासकांचे गृहीतक येथे विधिमंडळाने मान्य केलेले दिसते. चिन्हव्यवस्थेनेही आपला स्वभाव दाखवला. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. 'पेढे की बर्फी?' हा बाळंतपणानंतरचा नेहमीचा प्रश्न. सोनोग्राफीच्या खोलीत बंदी आल्यावर मिठाईची नावे, देवदेवतांची नावे, शाईचे रंग यांनी शब्दांची जागा घेतल्याच्या बातम्या वारंवार आल्या. आनंद व्यक्त करण्याची आणि त्याची प्रतवारी लावण्याची लोकांची परिभाषा गुप्त लिपी म्हणून आयतीच उपलब्ध होती.

याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात आणखी एक लक्षणीय गोष्ट आहे. गर्भवतीने अशी परीक्षा करून घेतली तर तिला तिच्या पतीने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. 'दबाव' हे या विषयाचे मूळ आहे असे मान्य करणारी ही फार महत्त्वाची संहिता आहे. ती न्याय्यही आहे, कारण ती दुर्बळ व्यक्तीला शिक्षेपासून वाचवते. मात्र दबावाची साखळी तिने पती आणि नातेवाईक यांच्यापाशी थांबवली आहे. कायद्याला कोठेतरी थांबावेच लागते. आरोपीला नाव हवे. पतीच्या मागे कोण उभे आहे, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. साहित्याच्या कक्षेबाहेरचा तो नाही.

या साखळीचा मागोवा घेऊ लागले की मराठी व्याकरणाचा एक विशेष समोर येतो. दबावाची बहुतेक वाक्ये कर्त्याशिवाय बोलली जातात. 'एक तरी मुलगा असावा' या वाक्यातील 'असावा' हे क्रियापद विध्यर्थी आहे. त्यात इच्छा आहे, पण इच्छा करणारा नाही. 'मुलगा हवा' यात हवासा वाटणारा पुढे येतो आणि ज्याला तो हवा ती व्यक्ती गाळता येते. 'लोक विचारतात', 'घरच्यांना वाटते', 'आईची इच्छा आहे' ही वाक्ये इच्छा दुसऱ्याकडे सोपवतात. आईला विचारावे तर ती सुनेच्या भल्याचे सांगते, सून नवऱ्याचे सांगते, नवरा आईचे. प्रत्येक जण निरोप्या असतो, निरोप धाडणारा कोणीच नसतो. 'मुलगीच झाली' आणि 'मुलगाच झाला' या दोन वाक्यांतला 'च' एकच आहे. पहिल्यात तो निराशेचा आणि दुसऱ्यात विजयाचा कसा होतो, हे परक्याला समजावून सांगणे कठीण आहे. मराठी भाषकाला ते समजावून सांगावे लागत नाही, आणि हाच दबावाचा पुरावा आहे.

दोन मुलींच्या आईबापांना या पट्ट्यातील लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या जिन्यात, हळदीकुंकवाच्या बैठकीत जे ऐकावे लागते, त्यात आता शाप नसतो, टोमणाही क्वचित असतो. 'दोन्ही मुलीच का?' या प्रश्नानंतर लगेच 'हल्ली मुलीच आईबापांना बघतात हो' हे सांत्वन येते. न मागितलेले सांत्वन हीदेखील दबावाचीच एक रीत आहे. काहीतरी गमावले आहे असे ते ऐकणाऱ्यास सांगते. शिवाय या सांत्वनात मुलीचे मोल पुन्हा तिच्या उपयुक्ततेवरच ठरते. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या संग्रहातील कथांनी मिळवत्या मुलीवर पडणारा वडिलांच्या संसाराचा भार दाखवला होता. सांत्वन करणाऱ्याला मुलगी म्हणजे म्हातारपणची काठी म्हणून मान्य आहे. त्याने काठीचे नाव बदलले, तिची गरज बदलली नाही.

६

समतोलाची भाषा पूर्णपणे उघड झाली ती न्यायालयात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे असा युक्तिवाद झाला की, व्यक्तिस्वातंत्र्यात आपल्या कुटुंबाचे स्वरूप ठरविण्याचे, म्हणून अपत्याचे लिंग निवडण्याचेही स्वातंत्र्य अंतर्भूत आहे. न्यायालयाने तो फेटाळला. २००७ साली दोन मुली असलेल्या एका दांपत्याने त्याच न्यायालयापुढे या कायद्याला आव्हान दिले. मुलगा आणि मुलगी या दोघांचेही प्रेम आपल्याला लाभावे, मुलींना भावाचा सहवास मिळावा, अशी त्यांची मांडणी होती. ज्यांना एका लिंगाची अपत्ये आहेत त्यांना दुसऱ्या लिंगाचे अपत्य निवडता यावे, म्हणजे त्यात भेदभाव नाही, असा तिचा आशय होता. हेही आव्हान न्यायालयाने फेटाळले आणि कायदा ग्राह्य ठरवला.

या युक्तिवादाची भाषा पाहण्यासारखी आहे. 'वंशाचा दिवा' तिच्यात नाही. हुंडा नाही, वार्धक्याचा आधार नाही, अग्नी देण्याचा अधिकार नाही. आहे ते प्रेम, सहवास आणि पूर्णता. भित्तिचित्रावरचे चार हसरे चेहरे येथे हक्काची परिभाषा बोलू लागले आहेत. चौकोनी कुटुंबाची कल्पना न्यायालयात जाईपर्यंत इतकी निर्मळ झाली होती की, तिच्यात कोणाविरुद्ध काही आहे असे बोलणाऱ्यालाही वाटू नये.

या निर्मळतेची परीक्षा आकड्यांनी होते. भारतातील ११ लाख घरांच्या १९९८च्या पाहणीवर आधारलेला प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिले अपत्य मुलगी असेल तर दुसऱ्या खेपेस दर १००० मुलग्यांमागे ७५९ मुली, आणि पहिल्या दोन मुली असतील तर तिसऱ्या खेपेस ७१९ मुली, असे प्रमाण त्यात आढळले. आधीचे अपत्य मुलगा असेल तेथे मुलींचे प्रमाण असे घटलेले नव्हते. निसर्गतः हे प्रमाण ९५०च्या आसपास असते. समतोलाची इच्छा खरोखरच दुहेरी असती तर पहिला मुलगा असलेल्या घरांत मुलग्यांची संख्या तितकीच घटली असती. समतोल एकाच पारड्यात मागितला जातो हे या आकड्यांचे सांगणे आहे.

महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे दर हजारी प्रमाण १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ असे उतरत गेले. अविभाजित ठाणे जिल्ह्यात ते २००१ साली ९३१ आणि २०११ साली ९२४ होते. हा पट्टा राज्यात सर्वांत वाईट होता असे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरेल. बीड जिल्ह्यात २०११ साली हेच प्रमाण ८०७ होते. ठाण्याच्या आकड्यात जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी या आदिवासी तालुक्यांचा वाटा आहे आणि शहरांचा वेगळा, हेही विसरता येत नाही. या आकड्यांवरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण तो पुरेसा आहे : शिक्षण, नोकरी, लहान कुटुंब आणि महानगराचा शेजार यांनी हा दबाव आपोआप विरघळत नाही. एकच मुलगी किंवा दोन मुली यांवर समाधानाने थांबलेली अनेक कुटुंबे या पट्ट्यात आहेत. त्यांनी दबाव नाकारला. तो त्यांच्यावर आलाच नाही असे नव्हे.

७

या साऱ्याचा समीक्षेशी संबंध काय, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर शब्दांच्या निवडीपासून सुरू होते. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द मराठी वृत्तपत्रांनी आणि शासनाने रूढ केला. त्यातील 'हत्या' या पदामुळे सुरक्षित गर्भपाताच्या हक्कावरच संशय येतो, म्हणून स्त्री चळवळीतील अनेकांनी 'गर्भलिंगनिवड' हा शब्द पसंत केला. पहिल्या शब्दात गुन्हेगार म्हणून गर्भवतीच नजरेसमोर येते. दुसऱ्यात निवड करणारी व्यवस्था दिसू लागते. हा वाद कोणा साहित्यिक नियतकालिकाचा नव्हता, तरी त्याचे स्वरूप शब्दार्थविचाराचेच होते.

शासनाच्या प्रोत्साहनपर योजनांची भाषाही याच दृष्टीने वाचता येते. २०१६ साली आलेल्या 'माझी कन्या भाग्यश्री' योजनेत मुलीवर थांबणाऱ्या कुटुंबासाठी ठेव होती. २०२३च्या 'लेक लाडकी' योजनेत पात्र कुटुंबातील मुलीस अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळावयाचे आहेत. गरीब घरातील मुलीच्या शिक्षणाला त्याचा उपयोग होतो, याविषयी वाद नाही. पण लोकलमधील जाहिरातीने मुलीच्या जन्माचा जो हिशेब मांडला होता, त्याच वहीत ही रक्कम जमेच्या बाजूला लिहिली जाते. वही बदललेली नाही. याउलट १९९४ साली महाराष्ट्राने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला, तो देशभरच्या २००५च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षे आधी. या सुधारणेने मुलीला देणगीची लाभार्थी न मानता वारस मानले. 'वंश' या शब्दाचा कायदेशीर आधार तिने काढून घेतला. बोलीतला आधार अजून शिल्लक आहे.

डोंबिवलीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे कथाकार राहिले. २०१० साली ठाण्यास आणि २०१७ साली डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मध्यमवर्गाचा हा प्रदेश आहे. या वर्गाच्या कथेची चर्चा करताना समीक्षेने जागेची टंचाई, नोकरीचा कंटाळा, नवराबायकोतील अबोला, वृद्धांची अडचण ही सूत्रे ओळखली. चौकोनी कुटुंबाला मात्र तिने बहुधा पार्श्वभूमी मानले, विषय मानले नाही. वाड्यातील दुःख वाचण्यासाठी तिच्याजवळ शब्द होते, कारण तेथे छळणाऱ्याला चेहरा होता. ब्लॉकमधील दबाव वाचण्यासाठी तिला क्रियापदांकडे, 'च'सारख्या अव्ययाकडे, गाळलेल्या कर्त्याकडे, न मागितलेल्या सांत्वनाकडे पाहावे लागेल.

दोन मुलींचा बाप हे पात्र या दृष्टीने विशेष कठीण आहे. कायद्याच्या नजरेत तो दबाव आणणारा ठरू शकतो. आपल्या आईच्या, भावकीच्या, डब्यातील सोबत्यांच्या नजरेत तो दबाव सोसणारा असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. त्याची बायको त्याच घरात बसून त्याच वाक्यांचा अर्थ स्वतःच्या शरीराच्या संदर्भात लावत असते, आणि पलीकडच्या खोलीत दोन मुली ती वाक्ये ऐकत असतात. पुरुषाला खलनायक किंवा बळी करून ही गुंतागुंत सुटत नाही. कोणते वाक्य कोणी कोणाच्या नावाने उच्चारले आणि ते कोणाच्या कानावर पडले, याची नोंद ठेवणारे लेखनच तिच्या जवळ जाऊ शकते, आणि अशा लेखनाची मागणी करणे हे समीक्षेचे काम आहे.